विठोजी सहा वाजेपर्यंत बोलले

विठोजींना चारचौघांत बोलता येत नसे. हे सगळ्या लेआउटला माहीत होतं आणि त्याबद्दल कुणाची तक्रारही नव्हती. बंगळुराबाहेर बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात त्यांनी उभी हयात हत्यारांच्या खोलीत काढली. खिडकीतून कामगार ड्रिलचा नंबर सांगायचा, विठोजी ड्रिल काढून द्यायचे, त्याचा पितळी बिल्ला खुंटीला अडकवायचे, की संपलं. त्या कामाला जीभ लागत नाही. युनियनच्या सभेत शेजारच्याचा हात वर गेला की यांचा वर जायचा, त्याचा खाली आला की यांचाही. निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी माईक पुढे केला, तेव्हा विठोजींनी माईकलाच वाकून नमस्कार केला आणि जागेवर जाऊन बसले. ही गोष्ट लेआउटमध्ये अजून सांगतात, आणि सांगणाऱ्यांत त्यांची बायको शिवलीला सगळ्यांच्या पुढे.

माणूस मूळचा निपाणीकडचा. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड, आणि दोन्ही भाषांत गप्प.

हा लेआउट कारखान्याच्या कामगारांनीच उभा केलेला. सोसायटी काढून होसूर रस्त्याच्या आतल्या अंगाला जमीन घेतली, घरांच्या जागा आखल्या आणि मधोमध बागेसाठी तुकडा सोडला. महापालिकेने लेआउट अजून आपल्याकडे घेतलेला नाही, त्यामुळे बाग सोसायटीची आणि बागेची चिंताही सोसायटीची. जुन्या कामगारांपैकी काहींनी घरं विकली, ती पुण्या-मुंबईहून आलेल्या कंप्युटरवाल्या मुलांनी घेतली. जुने एकमेकांना अण्णा-अक्का म्हणतात, नवे सगळ्यांना अंकल-आंटी. भांडण नाही, पण येणं-जाणंही बेताचंच.

विठोजींना बागेचं एवढं काय पडलं होतं, ते सांगायला हवं. शिवलीलेच्या उजव्या अंगावरून वारं गेलं होतं. जीव वाचला, हात बराचसा आला, पाय मात्र मागे राहिला. ("जिभेला वाऱ्याचा धक्कापण लागला नाही," असं ती स्वतःच सांगते.) डॉक्टरांनी बजावलं, रोज चालायचं, नाहीतर पाय कायमचा बसेल. पण चालायचं कुठं? दारासमोरच्या रस्त्याला फूटपाथ नाही. पाण्याचे टँकर, कारखान्याचे टेम्पो, शाळेच्या बसगाड्या, आणि त्यातून वाट काढणारे स्कूटरवाले. धडधाकट माणूस तिथं भिंतीला चिकटून चालतो. तिला पाऊल टाकायला सगळ्या मुलखात एकच जागा होती, ती बाग. सकाळी तिच्या डाव्या हाताशी काठी, उजव्या हाताशी विठोजी, असे दोघं फाटकातून आत शिरायचे आणि करंजाच्या झाडापर्यंत जाऊन यायचे.

पण बागच मोडकळीला आलेली. बोअरवेल आटलेली, एका बाजूची भिंत पडलेली, त्या बाजूनं लोक बांधकामाचा राडारोडा आणून टाकायचे. चालायच्या वाटेवरच्या फरशा मुळांनी उचललेल्या. एका सकाळी शिवलीलेची काठी फरशीच्या फटीत अडकली आणि ती पडली. हाड मोडलं नाही, पण त्यानंतर ती बागेच्या फाटकाशी आली की थांबायची, आत बघायची आणि म्हणायची, "आज नको. उद्या बघू." उद्याचंही तेच. पाय पुन्हा जड व्हायला लागला होता.

त्यातच एका कल्याण मंडपवाल्यानं सोसायटीला विचारलं, बाग आम्हाला भाड्यानं द्या, लग्नाच्या गाड्या उभ्या करायला. सेक्रेटरी मंजुनाथला ते पसंत होतं. मंजुनाथ वाईट माणूस नव्हे. दारोदार वर्गणी मागून मागून तो थकला होता. तो म्हणायचा, "झाडं सगळ्यांना पाहिजेत. झाडाला पाणी घालायच्या वेळी सगळे गावाला गेलेले असतात."

मग राजस पुढे आला. राजस पुण्याचा, दोन गल्ल्या सोडून राहणारा, उंच, बोलायला घाईचा. त्याची कल्पना अशी की सोसायटीनं बागेसाठी रोखे काढायचे. त्याने कुठंतरी वाचलं होतं की काही शहरांत लोक मत देऊन असं ठरवतात आणि त्यातून बागा होतात. आपलं शहर करेल तेव्हा करेल, आपण आपल्यापुरतं करू.

"रोखे म्हणजे काय हो?" घरी शिवलीलेनं विठोजींना विचारलं.

"ज्याच्याकडं आहेत त्यानं सोसायटीला पैसे द्यायचे. सोसायटी बाग नीट करणार. मग दर महिन्याला सगळ्या घरांनी थोडं थोडं भरायचं, त्यातून त्याचे त्याला व्याजासकट परत."

"म्हणजे भिशी."

"भिशी नव्हं गं. भिशीला मत घेत नाहीत. याला तीनातल्या दोघांनी हो म्हणायला पाहिजे. सभेला आलेल्या तीनातल्या दोघांनी."

"आणि नाही म्हटलं तर?"

"तर मंडपवाला."

शिवलीलेनं पाय जरा पुढे ओढला. "मग मी कुठं चालू? वरातीत?"

म्हणूनच, नोटिसा वाटायला कुणीतरी हवंय असं राजसनं म्हटल्यावर त्यांनी हात वर केला. शेजारच्याकडे न बघता हात वर करायची ती त्यांची पहिलीच वेळ असावी.

सभेची वेळ राजसनं घातली होती, रविवारी दुपारी साडेचार. चारपर्यंत लोक झोपतात, संध्याकाळी बाजाराला जातात, म्हणून मधली वेळ. विठोजी दोन संध्याकाळ दारोदार हिंडले. तोंडातून "रविवारी. बागेचं." एवढंच निघायचं. लोक नोटीस वाचायचे, मग विठोजींकडे बघायचे, आणि कन्नडमध्ये बरं म्हणायचे, "सरी, अण्णा."

पिठाची गिरणी चालवणाऱ्या धनलक्ष्मी अक्कांनी नोटीस चष्मा लावून वाचली आणि चष्म्यावरून विठोजींना विचारलं, "ही वेळ तुम्ही ठरवली, अण्णा?"

"नाही. त्या पुण्याच्या मुलानं."

"पण तुम्ही बघितली?"

"बघितली की."

"सरी," अक्का म्हणाल्या, आणि बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिल्या. विठोजींना वाटलं सदऱ्याचं बटण तुटलंय. घरी येऊन त्यांनी आरशात बघितलं. बटणं सगळी जागेवर होती.

रविवारी सभा भरली ती बागेतल्याच पत्र्याच्या शेडमध्ये. विठोजी शिवलीलेला रिक्षानं घेऊन चारलाच पोचले, तर जुनी मंडळी आधीच येऊन बसलेली. हजेरीवहीत सगळ्यांच्या सह्याही झालेल्या. विठोजींना फार बरं वाटलं. एवढी उत्सुकता असेल असं त्यांना वाटलं नव्हतं. नवी मुलं साडेचारच्या ठोक्याला धापा टाकत आली.

मागच्या सभेचा वृत्तांत, विजेचं बिल, गटाराची तक्रार, हे सगळं मंजुनाथनं शांतपणे उरकलं. मग राजसनं पडद्यावर चित्रं दाखवली. नवी वाट, तिला दोन्ही बाजूंनी धरायला लोखंडी कठडा, नवी बोअरवेल, भिंत. कठडा दिसला तेव्हा शिवलीला खुर्चीत पुढे सरकून बसली. तो इंग्रजीत बोलत होता, मंजुनाथ कन्नडमध्ये सांगत होता. हिशेब सरळ होता, आणि माना डोलत होत्या.

मग चिठ्ठ्या वाटल्या. 'हो' किंवा 'नाही' लिहायचं, खाली घराचा नंबर आणि सही.

नव्या मुलांनी लिहून टाकलं. जुन्यांपैकी कुणाचंही पेन हललं नाही.

कुणी चिठ्ठीनं वारा घ्यायला लागलं. कुणी ती चार घड्या करून मुठीत धरली. धनलक्ष्मी अक्कांनी पेन पिशवीतून काढलं, त्याच्याकडे बघितलं आणि परत पिशवीत ठेवलं. राजसनं विचारलं, "काही शंका आहे का?" कुणाला शंका नव्हती. त्याने पुन्हा विचारलं, "पैसे जास्त वाटतायत का?" कुणाला जास्तही वाटत नव्हते. सगळे त्याच्याकडे प्रेमानं बघत होते आणि कुणीही लिहीत नव्हतं. पोराचा चेहरा उतरला. त्याची बायको भार्गवी पहिल्या रांगेत होती, ती वळून मागे बघायला लागली.

मंजुनाथ म्हणाला, "स्वल्प वेळ थांबू आणि चिठ्ठ्या गोळा करू. कोरी चिठ्ठी म्हणजे 'हो' नाही, हे लक्षात असू द्या."

विठोजींनी आपली चिठ्ठी लिहिली होती. त्यांनी शेजारी बघितलं, तर शिवलीलेची कोरी!

"अगं, लिही की!" ते कुजबुजले.

"येडंबिडं लागलंय काय? राहुकाळ चाललाय."

विठोजींनी पेनाला टोपण लावता लावता थांबून तिच्याकडे बघितलं.

"रविवारी साडेचार ते सहा," शिवलीला म्हणाली. "लहान पोराला विचारा. पैशाच्या कागदावर आत्ता सही करायची, आणि मग बोअरला पाणी लागलं नाही म्हणून रडायचं."

"मग आधी का नाही सांगितलंस?"

"मला वाटलं, तुम्ही स्वतः नोटिसा वाटालाय, त्या अर्थी काहीतरी सोय केली असणार. आधी सह्या, सहानंतर मत, असं काहीतरी. सगळ्यांनाच वाटलं."

आता विठोजींना अक्कांची ती नजर कळली. बंगळुरात राहुकाळ ही थट्टेची बाब नाही. रोज दीड तास, वाराप्रमाणे वेगळा. त्या वेळात नवं काम काढत नाहीत, मुलगी बघायला जात नाहीत, गाडी विकत घेत नाहीत. म्हणून तर मंडळी चारलाच येऊन सह्या करून बसली होती. पुण्याच्या मुलाला हे ठाऊक नसणार, त्याचा दोष नाही. पण विठोजींना ठाऊक असायला हवं होतं. त्यांची नोकरी मात्र अशी की भोंगा वाजला की राहू आत, केतू आत, सगळे हजेरीवर. घड्याळाला दुसरंही काही चिकटलेलं असतं हे त्यांच्या अंगवळणी पडलंच नाही. आणि नोटीस तर त्यांच्याच हातानं घरोघर गेली होती.

मग कुणी उठून सांगत का नव्हतं? तेही विठोजींना लगेच कळलं. पडद्यावर आकडे आणि आलेख, समोर नातवंडांच्या वयाची हुशार मुलं. त्यांच्यापुढे उभं राहून 'राहुकाळ आहे' असं म्हणायचं कुणी? मुलं हसली असती. हसली नसती तरी हसू दाबलं असतं, आणि ते जास्त लागतं. विठोजींनी उठून सांगितलं असतं तर सगळ्या जुन्यांना उघडं पाडल्यासारखं झालं असतं, आणि निम्मे तरी "छे छे, तसं काही नाही" म्हणत कोऱ्या चिठ्ठ्या टाकून घरी गेले असते.

भिंतीवरच्या घड्याळात साडेपाच झाले होते. मंजुनाथ चिठ्ठ्यांसाठी स्टीलचा डबा पुसत होता.

शिवलीलेनं पडद्यावरच्या कठड्याकडे एकदा बघितलं आणि मान खाली घातली.

विठोजी उठून उभे राहिले. आपण उठलोय हे त्यांना उठल्यावर कळलं.

"मला," ते म्हणाले, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. "मला बोलायचंय."

मंजुनाथ डबा पुसता पुसता थांबला. राजसनं आनंदानं माईक आणून दिला. विठोजींनी या वेळी त्याला नमस्कार केला नाही, पण दोन्ही हातांनी घट्ट धरला, पडेल म्हणून.

काय बोलायचं हे ठरलेलं नव्हतं. त्यांनी आपलं नाव सांगितलं. मग घराचा नंबर सांगितला. मग बिल्ला नंबर. मग हत्यारांच्या खोलीत कोणतं ड्रिल कोणत्या कप्प्यात असायचं ते सांगितलं, डावीकडून उजवीकडे. हे सगळं कन्नडमध्ये, थांबत थांबत. नवी मुलं एकमेकांकडे बघायला लागली. मंजुनाथ म्हणाला, "अण्णा, विषय बागेचा आहे."

"त्याच्यावरच येतोय," विठोजी म्हणाले, आणि लेथच्या पात्यांवर गेले.

पहिल्यांदा धनलक्ष्मी अक्कांना उमगलं. त्यांनी घड्याळाकडे बघितलं, विठोजींकडे बघितलं, आणि मोठ्यांदा म्हणाल्या, "अण्णा, ती बोअरवेल खणली त्याची गोष्ट सांगा. या मुलांना काय माहीत!"

विठोजींनी गोष्ट सांगितली. पाणाड्या नारळ घेऊन फिरला, नारळ तळहातावर उभा राहिला, तिथं खणलं, पाणी लागलं नाही. दुसऱ्या ठिकाणी नारळाशिवाय खणलं, तर लागलं. मागून एक म्हातारा ओरडला, "ऐकू आलं नाही, परत सांगा!" विठोजींनी परत सांगितलं. दुसऱ्यानं हरकत घेतली की नारळ नव्हता, कडुनिंबाची काटकी होती. त्यावर जुन्यांत वाद सुरू झाला. असा सुंदर, सावकाश वाद त्या शेडमध्ये कधी झाला नव्हता. दोन्ही बाजू घड्याळाकडे बघून भांडत होत्या. राजस हतबल होऊन खाली बसला. भार्गवी मात्र कुणाकुणाची नजर कुठं जाते ते टिपत होती, आणि तिच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हलत होतं.

पण नारळाचा वाद मिटला, आणि घड्याळाचा काटा अजून वर चढायचाच होता. जुन्यांकडचे प्रश्न संपले. विठोजींचे लेथ संपले, ड्रिल संपले. ते नुसते उभे राहिले. मंजुनाथनं डबा उचलला.

मग विठोजी म्हणाले, "माझी बायको या बागेत पडली."

हे त्यांनी ठरवलं नव्हतं. त्यांच्याकडे दुसरं काही उरलं नव्हतं.

"ती पडली आणि मला उचलता येईना. मी हाक मारायला पाहिजे होती. फाटकाजवळ माणसं होती. मला हाक मारता आली नाही. मला तशी सवयच नाही. मी तिच्याजवळ फरशीवर बसलो. एका दूधवाल्यानं बघितलं, तो आला. त्यानंतर ती आत येत नाही. फाटकापर्यंत येते. मी तिला म्हणतो, मी धरतो. ती म्हणते, तुम्हाला कोण धरणार? ते खरंच आहे. या चित्रात कठडा दिसला. तो दोघांनाही पुरेल." ते थांबले. "मी तिच्याशी हे घरी बोललेलो नाही. माईक होता म्हणून बोललो."

"पडले नव्हते मी," खुर्चीतून शिवलीला म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखा नव्हता, पण शब्द नेहमीचेच. "बसले होते. पडले ते हे."

शेड हसलं. जुने हसले, नवे हसले, राजसही हसला. आणि त्या हसण्यातच पलीकडच्या गणपतीच्या देवळात संध्याकाळची सहाची घंटा सुरू झाली.

धनलक्ष्मी अक्कांनी पिशवीतून पेन काढलं, आणि मग सगळ्या शेडमध्ये पेनांची टोपणं निघाल्याचा आवाज झाला. माणसं मांडीवर, पिशवीवर, पुढच्याच्या पाठीवर चिठ्ठ्या ठेवून लिहायला लागली. मंजुनाथनंही खिशातून आपली चिठ्ठी काढली. तीही कोरीच होती. विठोजींची नजर तिच्यावर गेली तसा तो जरासा लाजला, आणि पाठमोरा होऊन त्याने काहीतरी लिहिलं.

एका बाजूला नव्या मुलांच्या चिठ्ठ्या लिहून पडल्याच होत्या, त्यात या जाऊन पडल्या. मोजणी चालू असताना विठोजी शिवलीलेच्या खुर्चीमागे उभे होते. त्यांनी खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरली होती. मंजुनाथनं 'हो'चा गठ्ठा एका हातात आणि 'नाही'चा दुसऱ्या हातात उचलून दाखवला. आकडा सांगायची गरजच नव्हती. 'नाही'चा गठ्ठा दोन बोटांत मावत होता.

विठोजींनी इतका लांब श्वास सोडला की शिवलीलेनं मानेवरचे केस सारखे केले.

राजस धावत आला आणि त्यांचे हात धरले. "अंकल, तुम्ही जिंकून दिलंत! मी एवढं प्रेझेंटेशन केलं, कुणी हललं नाही. तुमचं मनापासूनचं बोलणं ऐकलं आणि सगळे पेन काढून बसले. तुम्ही आधी का नाही बोललात?"

विठोजींनी तोंड उघडलं. भार्गवी नवऱ्याच्या मागे उभी होती. तिने हळूच मान हलवली, नका सांगू. विठोजींनी तोंड मिटलं. त्यात ते तरबेज होतेच.

"सोमवारी कामाला सुरुवात करू," राजस म्हणाला. "कंत्राटदार साडेसातला येतोय. कुदळ तुम्हीच मारायची."

सोमवार, साडेसात. सोमवारचा राहू नेमका साडेसातलाच बसतो. विठोजी शिवलीलेकडे वळले. शिवलीलेच्या भुवया वर गेल्या.

"सातला बोलाव, बाळा," विठोजी म्हणाले. "लवकर केलेलं बरं. ऊन चढत नाही."

"सातला? ठीक आहे, सातला," राजस म्हणाला आणि फोन लावत निघून गेला. भार्गवी पदर नसताना पदरानं तोंड झाकावं तसा हात तोंडावर धरून त्याच्यामागे गेली.

लोक पांगले. धनलक्ष्मी अक्का जाता जाता म्हणाल्या, "अण्णा, नारळच होता. काटकी नव्हती. मी होते तिथं." विठोजी म्हणाले, "सरी, अक्का." एवढंच. दिवसाचे शब्द संपले होते.

रिक्षा फाटकाशी उभी होती. शेडपासून फाटकापर्यंत तीच ती उचललेली फरशी. येताना रिक्षावाल्यानं दया येऊन रिक्षा आत आणली होती, आता तो बाहेर सिग्रेट ओढत होता. विठोजी त्याला हाक मारणार होते. आज ती जमली असती असं त्यांना वाटलं.

"राहू दे," शिवलीला म्हणाली आणि काठी टेकून उठली.

"फरशा अजून तशाच आहेत."

"असू देत की. सहा वाजून गेले." तिने उजवा हात त्यांच्या हातात दिला. "चला. आणि चालता चालता ते पुन्हा सांगा."

"काय?"

"ते, हाक मारता आली नाही ते. माईक नाही म्हणून गप्प बसू नका."

विठोजींनी घसा साफ केला. एक पाऊल तिचं, एक त्यांचं, अशी ती दोघं फाटकाकडे निघाली.